डोंबिवलीचा आकडा

नऊ वेळा एक लिहा: १११११११११. आता याला यानेच गुणा. उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२१. एकापासून पायरी पायरीने नवापर्यंत चढायचं आणि आल्या वाटेने खाली उतरायचं. उलटीकडून वाचा, तीच संख्या. पण मोठ्याने वाचायला गेलात की दमछाक होते: एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. एका संख्येत दोनदा कोटी! एवढी रक्कम चेकवर अक्षरी लिहायची वेळ आपल्यावर येणार नाही, हीच देवाची कृपा.

ही संख्या ‘डेमलो’ कुळातली. बारसं केलं द. रा. कापरेकरांनी. जन्म १९०५ साली डहाणूचा, आणि १९३० ते १९६२ देवळालीला शाळेत मास्तरकी. डेमलो हे जुन्या जीआयपी रेल्वेवरचं मुंबईपासून तीसेक मैलांवरचं स्टेशन, म्हणजे आजचं डोंबिवली. तिथे त्यांना या संख्यांची कल्पना सुचली. स्टेशनात माणसाला भांडण सुचतं, फार तर वडापाव सुचतो. यांना गणित सुचलं! आज त्या स्टेशनच्या पुलावर उभं राहून कुणाला काही सुचेल यावर माझा विश्वास नाही. मागचा माणूस सुचूच देणार नाही.

या चढउतारात जादू कसलीच नाही. गुणाकार शाळेत मांडायचो तसा मांडा. नऊ ओळी, सगळीकडे एकच एक, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. आता उभी बेरीज करा. उजव्या टोकाच्या घरात एक एकटाच, शेजारच्या घरात दोन, मग तीन. मधल्या घरात पूर्ण नऊ, आणि पुढे पुन्हा ओसरत एक. कुठेही हातचा नाही. सारं सौंदर्य या हातचा नसण्यात आहे.

म्हणून लोभ नको. दहा एक घेऊन पाहा: वर्ग येतो १२३४५६७९००९८७६५४३२१. मधल्या घरात दहा झाले, हातचा नवाकडे गेला, तिथेही दहा झाले, तो हातचा आठाच्या घरात शिरला आणि आठाचा नऊ झाला. चढणीवरचा आठ गायब! डोंबिवलीला भरल्या डब्यात एकच जास्तीचा माणूस चढावा आणि पलीकडच्या दाराशी उभा असलेला भलताच कुणी खाली उतरावा, तसं.

बिचाऱ्या आठाचं नशीबच तसं. १११११११११ ला ९ ने भागा, उत्तर १२३४५६७९. इथेही आठ नाही.

कापरेकरांची आणखी एक आवड इथे भेटते. अंकांच्या बेरजेने जिला पूर्ण भाग जातो तिला त्यांनी ‘हर्षद’ संख्या म्हटलं. आपल्या सतरा अंकांची बेरीज ८१, आणि मूळ संख्येला ९ ने भाग जात असल्यामुळे वर्गाला ८१ ने जाणारच. या सगळ्याचा उपयोग काय, असं विचारणारे तेव्हाही होते. पण गणितावर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनरने १९७५ साली अमेरिकेतल्या मासिकात लिहिल्यावर कापरेकरांचं नाव जगभर झालं. तोवर मास्तर निवृत्त होऊन वर्षं लोटली होती.

पोरांच्या चौकटीच्या वहीचं एक पान मागून घ्या आणि त्या नऊ ओळी स्वतः मांडा. दुकानातल्या बारा आकडी कॅल्क्युलेटरवर करू नका. त्याच्या खिडकीत हे उत्तर मावत नाही.