सोवळ्यातलं टेबल

टेबलाची प्रतिष्ठा त्याच्यावर काय ठेवता येतं यावरून ठरत नाही. काय ठेवता येत नाही, यावरून ठरते. टपरीवरच्या टेबलाला कपबशी, कोपर, वर्तमानपत्र आणि प्रसंगी पेंगुळलेल्या गिऱ्हाइकाचं डोकंही चालतं. म्हणून त्याला कोणी मान देत नाही. कचेरीतल्या टेबलावर फायली चालतात, जेवणाचा डबाही चालतो, पण साहेब येईपर्यंतच. घरातल्या जेवणाच्या टेबलावर ताटं चालतात, दप्तर चालत नाही. अशा पायऱ्या चढत चढत भव्य दिवाणखान्यातल्या कोरीव, पुरातन, सिंहाच्या पंजांच्या टेबलापाशी पोचलं, की तिथे एक फुलदाणी तेवढी असते. तीही रिकामी, कारण पाणी सांडेल. हे टेबल सोवळ्यात असतं. त्याला शिवायचं नाही, टेकायचं नाही, त्याच्यावरून हात लांब करून वस्तू घ्यायची नाही. लोक याला टेबलाचा दोष समजतात. माझ्या मते निरुपयोगी राहणं हीच त्याची नोकरी आहे, आणि ती ते इमानेइतबारे करतं.

युरोपातल्या महालांचाच दाखला घ्या. सोळाव्या शतकात कार्डिनल आलेस्सांद्रो फार्नेझेच्या रोममधल्या महालासाठी एक संगमरवरी टेबल घडवलं गेलं. आराखडा विन्योला या नामांकित वास्तुकाराचा. लांबी सुमारे पावणेचार मीटर, खाली घराण्याची चिन्हं कोरलेले दणकट आधार, आणि वर रंगीत दगडांचं असं जडावकाम की नजर ठरत नाही. आता त्याच्यावर एखादी वस्तू ठेवली, तर तेवढ्या भागावरचा कार्डिनलसाहेबांचा खर्च झाकला जाणार! आज ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. तिथे त्याला बोट लावायचीही सोय नाही, म्हणजे त्याला रीतसर बढतीच मिळाली. पुढे कन्सोल नावाचं टेबल निघालं. सोन्याचा मुलामा, पऱ्या, गरुड, शिंपले, डोक्यावर संगमरवराची लादी. पण पाय पुष्कळदा फक्त पुढे, पाठ भिंतीला जखडलेली. भिंत काढून घेतली तर सगळं वैभव तोंडावर पडेल. आणि चौदाव्या लुईने व्हर्सायच्या आरसेमहालात चक्क चांदीची टेबलं मांडली होती. १६८९ साली युद्धाला पैसा कमी पडला, तेव्हा ती वितळवून नाणी पाडली. त्या टेबलांचा व्यवहारात झालेला हा सगळ्यात मोठा उपयोग, आणि त्यासाठी त्यांना टेबलपण सोडावं लागलं. मोडीत घडणावळ बुडते, हा नियम राजालाही चुकला नाही.

आपली मुंबईही यात मागे नव्हती. एकोणिसाव्या शतकात इथल्या कारागिरांनी शिसवी लाकडाचं जे फर्निचर केलं, ते ‘बॉम्बे ब्लॅकवुड’ या नावाने साहेबांच्या बंगल्यांत आणि धनिक पारशी घरांत जाऊन बसलं. घाट युरोपीय, आणि त्यावर बोटभर जागा मोकळी सोडायची नाही असा पण केल्यासारखी वेली, पानं, फळं आणि पक्ष्यांची दाटी. कडेची झालर तर आरपार जाळीची. शिसव इतकी जड आणि टणक, की त्या टेबलावर चार पैलवान उभे राहिले तरी ते हूं की चूं करणार नाही. पण मिजास अशी, की चहाचा एक ओला पेला सोसवत नाही. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तशी इथे फळीपेक्षा झालर जड. शिवाय प्रत्येक पानामागे धूळ बसते आणि मुंबईच्या दमट हवेत चिकटून राहते. ती फडक्याने निघत नाही. कुंचला लागतो, काडीला गुंडाळलेला कापूस लागतो, आणि या सगळ्याला माणूस लागतो. या सोवळ्याला रोज शिवायचा अधिकार त्या एकट्या माणसाला, आणि त्या खोलीत ‘बसा’ असं कोणी म्हणत नाही तेही त्यालाच.

यावर जाणकार म्हणतील, कन्सोलला निरुपयोगी कसं म्हणता? दोन खिडक्यांच्या मधे, आरशाखाली ते मांडत, त्याच्यावर मेणबत्त्या लावत आणि आरसा उजेड दुप्पट करी. मान्य. पण विजेचे दिवे येऊन जमाना झाला, मेणबत्त्या गेल्या, टेबल मात्र जागेवरून हललं नाही. काम संपल्यावरही खुर्ची न सोडणारे पुष्कळ असतात. काम संपल्यावर भाव वाढणारं हे एकच. दुसरा आक्षेप व्हिएन्नाच्या आडोल्फ लोसचा. या वास्तुकाराने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अलंकरणाला थेट गुन्ह्याच्या पंक्तीला बसवलं: त्यात श्रम वाया जातात, माल वाया जातो, पैसा वाया जातो. हिशेब बिनचूक आहे, फक्त तो खरेदीदाराला ऐकवून फायदा नाही. एका माणसाचे महिनेच्या महिने टेबलाच्या चार पायांत गेले आणि ते आपण विकत घेतले, हे पाहुण्याला न सांगता कळावं, यासाठीच तर त्याने पैसे मोजलेले असतात. मात्र नक्षी करणाऱ्याला श्रमांच्या मानाने मजुरी मिळत नाही, असंही लोस म्हणत होता, आणि तिथे थट्टा आवरती घ्यावी लागते. शिसवीच्या त्या पानापानांवर कारागिराचा हात दिसतो. नाव बहुधा कुठेच दिसत नाही.

तिसरा आक्षेप आजच्या सुबक, साध्या घरांचा: आम्ही हे खूळ केव्हाच सोडलं. सोडलं खरं, पण कधी? १८४५ साली इंग्लंडमध्ये थॉमस जॉर्डनने लाकूड कोरणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. ब्रिटिश पार्लमेंटच्या नव्या इमारतीतल्या लाकूडकामाला ते यंत्र वापरलं गेलं. यंत्रं वेली कोरू लागली, तशा त्या मध्यमवर्गाच्या कपाटांवर चढल्या, आणि वेल शेजाऱ्याकडेही आहे म्हटल्यावर तिच्यात राम राहिला नाही. मग बड्यांना साधेपणा आवडू लागला, आणि साधेपणाचा भाव कडाडला. आज दिवाणखान्यात काचेचं सपाट, निराकार टेबल येतं. त्याच्यावर नक्षी नाही, पंजे नाहीत. आणि पेला ठेवायला जावं तर यजमानीण लगबगीने खाली कोस्टर सरकवते. म्हणजे सोवळं सुटलेलं नाही, फक्त दिसेनासं झालं आहे. कोरीव टेबल पंजे दाखवून आधीच बजावतं. हे साधं टेबल जवळ बोलावतं आणि मग ओशाळं करतं. या दोघांत मला पंजेवालं अधिक प्रामाणिक वाटतं. तेव्हा ज्याच्याकडे पैसा, जागा आणि धूळ पुसायला माणूस आहे, त्याने खुशाल कोरीव टेबल घ्यावं. फक्त चहा ठेवायला शेजारी एक स्टूलही घ्यावं. कोरीव टेबलाच्या किमतीत ते दुकानदाराने फुकट द्यायला हरकत नाही.