सर्व्हर चालू आहे

ठाण्यातल्या एका वकिलाच्या कचेरीत संगणकाचं सगळं मी बघतो, म्हणजे प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी हाक मलाच येते. कचेरीचा फाइल सर्व्हर विंडोज 2012 आर2. त्याची नेहमीची देखभाल मायक्रोसॉफ्टने 10 ऑक्टोबर 2023 रोजी थांबवली. कचेरीने आपली कधी सुरूच केली नव्हती. नवा घ्यायचा तर परवाना किमान 16 कोअरचा, शिवाय सर्व्हर वापरणाऱ्या माणसांचे वेगळे. आयुष्यभर अशिलांना अटी समजावून सांगणाऱ्या वकीलसाहेबांनी ही अट ऐकली आणि म्हणाले, "ते फुकटवालं काय असतं, ते टाक."

टाकलं. डेबियन लिनक्स, आणि विंडोजच्या संगणकांशी त्यांच्याच बोलीत बोलायला वर सांबा. ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी 1991-92 मध्ये सुरू केलेलं हे काम जगभर बिनबोभाट चालतं. आमच्या टायपिस्ट काकूंपाशी येऊन थांबलं.

काकूंचा नियम असा की फाइल उघडायची वेळच येऊ नये, सगळं नावात कळावं. उदाहरणार्थ, 'सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या मानीव अभिहस्तांतरणाबाबत जिल्हा उपनिबंधकांकडे सादर करावयाच्या अर्जाचा अंतिम मसुदा'. विंडोज नावातली चिन्हं मोजतं आणि 255 पर्यंत चालवून घेतं. लिनक्सची ईएक्सटी4 ही फाइल व्यवस्था 255 बाइट मोजते, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. काना, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडायचं चिन्ह, सगळी वेगळी धरून. 'श्री' लिहिलं की बारा बाइट गेले. वरच्या नावात 'करावयाच्या'पर्यंत पोचता पोचता 251 बाइट संपतात. अर्जाला जागा उरत नाही, मसुद्याचा प्रश्नच नाही. हे मी काकूंना कागदावर गणित मांडून दाखवलं. त्यांनी कागद शांतपणे परत दिला आणि विचारलं, "मग इंग्रजी नावाला तिप्पट जागा का?" याचं उत्तर माझ्या पगारात बसत नाही. सध्या फाइलचं नाव 'मानीव' आहे. 'मानीव 2' आणि 'मानीव खरं' याही आहेत. कुठलीही शोधायची तर तिन्ही उघडाव्या लागतात, आणि प्रत्येक वेळी काकू माझ्याकडे बघतात.

झेरॉक्स मशीनचं दुखणं निराळं. त्याला स्कॅन थेट सर्व्हरवर टाकता येतो, पण विंडोजच्या त्या बोलीच्या, म्हणजे एसएमबीच्या, पहिल्या आवृत्तीतच बोलता येतं. मे 2017 मध्ये वॉनाक्राय हा व्हायरस त्याच वाटेने जगभर पसरला, म्हणून 2019 पासून सांबा ही आवृत्ती मुळात बंद ठेवतो. मीही बंदच ठेवली. आता स्कॅन पेनड्राइव्हवरून येतात. सुरक्षेसाठी घेतलेला हा पेनड्राइव्ह मधल्या वेळेत कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेतही जाऊन येतो.

शिवाय 'नेटवर्क'वर क्लिक केल्यावर सर्व्हर दिसत नाही, ही तक्रार रोजची. तो तिथे दिसायला वेगळा प्रोग्रॅम लागतो. सर्व्हरला जोडलेला झेड ड्राइव्ह उघडला की सगळं जागच्या जागी असतं, आणि तो उघडून झाल्यावरच सर्व्हर दिसत नसल्याचं मला कळवलं जातं.

पण साहेबांचा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. जुना सर्व्हर अपडेट घ्यायला भरदुपारी आपण होऊन बंद व्हायचा. अशिलाचा फोन आला की "सर्व्हर बंद आहे, उद्या या" असं सांगता यायचं, आणि ते खरं असायचं. वकिलाच्या कचेरीत अशी सोय सहजासहजी मिळत नाही. आता सर्व्हर बंदच पडत नाही, त्यामुळे मसुदा तयार नसला तर तो तयार नाही असंच सांगावं लागतं.

गेल्या आठवड्यात साहेबांनी मला आत बोलावून दार लावून घेतलं आणि विचारलं, हा अधूनमधून बंद पडेल अशी काही सोय लिनक्समध्ये आहे का? आहे. क्रॉन म्हणतात, एका ओळीत होतं. ती ओळ मी लिहून ठेवलीय, पण वेळेबद्दल एकमत होत नाही. साहेबांना चार हवेत, अशिलांचे फोन तेव्हा येतात. काकू अडीचवर अडून आहेत.