पाण्यापर्यंतचा रस्ता

मोबाइलच्या नकाशात आमची गाडी पाण्यात होती. चहूकडे निळंशार आणि मधोमध एक ठिपका. त्या ठिपक्यात मी, माझा मेहुणा आणि त्याची नुकतेच हप्ते सुरू झालेली मोटार. काचेबाहेर मात्र घोटाभर फुफाटा. चूक नकाशाची नव्हती आणि आमचीही नव्हती. उजनीच्या पोटात ऑक्टोबरात जिथं होडी चालते, तिथं मे महिन्यात मोटारसायकल चालते. नकाशावाल्यानं ऑक्टोबर धरला होता, आम्ही मे.

भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं. पोटात ११७ टीएमसी पाणी मावतं, त्यातलं निम्म्याहून अधिक मृत साठ्यात मोडतं. टक्केवारी मात्र वरच्या जिवंत साठ्यावर काढतात. म्हणून दर उन्हाळ्यात आमच्याकडच्या पेपरात 'उजनी उणे तीस', 'उजनी उणे चाळीस' असे मथळे येतात. मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि उणे संख्या कायम उजनीवरून शिकवल्या. "सर, शून्याच्या खाली काय असतं?" असं एका भोयाच्या पोरानं एकदा विचारलं आणि मी तोंड उघडायच्या आत त्यानंच उत्तर दिलं, "चिलापी."

त्याच चिलापी माशासाठी आम्ही निघालो होतो. पाणी मागं सरलं की मासेमारांचे तळही त्याच्या मागोमाग सरकतात. पाच-सहा पालं, पालथ्या होड्या, काठ्यांवर वाळत घातलेली जाळी आणि थर्माकोलच्या पेट्या. तळावरचे मामा माझ्या त्या विद्यार्थ्याचे वडील. मास्तर आले म्हटल्यावर मामी चुलीवर तवा ठेवतात आणि मग आपल्याला बोलायचं कारण उरत नाही. अडचण एवढीच की हा तवा डांबरी सडकेपासून मार्चात तीन किलोमीटरवर असतो आणि मेमध्ये पाचावर जातो. जमीन सपाट, त्यामुळं पाणी हातभर उतरलं की काठ फर्लांगभर पळतो. रस्ता खराब होतो हे सगळीकडचंच. आमचा रस्ता खराब होता होता लांबतोही.

वाटेतला गाळ फसवा. वर पापड, खाली पिठलं. पापडावरून मोटारसायकल सुटते, मोटार मात्र पिठल्यात जाते. मग फोन करायचा. अर्ध्या तासानं एक ट्रॅक्टरवाला येतो, साखळी अडकवतो, ओढतो आणि पाचशे रुपये घेतो. थंडीत रोहित पक्ष्यांचे फोटो काढायला लांबलांबून मोठ्या गाड्या येतात, तेव्हा त्याचा भाव हजारावर जातो. रस्ता सुधारायला साऱ्या पंचक्रोशीत विरोध करील असा हा एकच माणूस, आणि तोही कधी उघड बोलला नाही.

मासेमारांचं दुखणं वेगळं. पहाटे जाळी काढायची आणि मासा भिगवणच्या बाजारात लिलावाला वेळेत पोचवायचा. तिथं व्यापारी पेटीत बोट घालून कल्ला उचलतो. लाल असला तर एक भाव, फिकटला असला तर दुसरा. खड्ड्यांत पेट्या आदळतात, मासा चेमटतो, बर्फाचं पाणी होतं. म्हणून मामा हा रस्ता किलोमीटरात मोजत नाहीत. "सध्या एका लादीचा हाय. म्हैन्याभरानं दीड लादी लागंल."

मेहुणा म्हणाला, "भावजी, तुम्ही एक अर्ज का करत नाही?" मी केला. कुठल्या कार्यालयात ते सोडून देऊ. तिथले बाबू भले गृहस्थ होते, त्यांनी चहा पाजला. ग्रामसडक योजनेत बसायचं तर आधी वस्ती हवी, सपाटीच्या मुलखात पाचशे लोकसंख्येची. पालांची शिरगणती कोण करणार, आणि केलीच तर कुठल्या गावात धरणार? शिवाय जमीन बुडीत क्षेत्रातली. तरी त्यांनी कागद पुढं ओढला. "रस्ता कुठून?"

"डांबरी सडकेपासून."

"कुठपर्यंत?"

"पाण्यापर्यंत."

"पाणी कुठंय?"

मी प्रामाणिकपणे विचारलं, "आज, की तुम्ही पाहणीला याल तेव्हा?"

बाबूंनी पेन खाली ठेवलं आणि आणखी अर्धा कप चहा मागवला.

शास्त्रही आमच्या बाजूचं नव्हतं. आधुनिक खडीचा रस्ता ज्याच्या नावानं ओळखला जातो, त्या स्कॉटलंडच्या मॅकॅडमनं दोनशे वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय की वजन पेलते ती खालची कोरडी जमीन. रस्ता जरा उंच घ्या, बारीक खडी दाबून बसवा आणि पाणी दूर ठेवा. मोठमोठे धोंडे घालण्यापेक्षा पाण्याला वाट काढून देणं महत्त्वाचं. वाचून पटलं. फक्त त्याचा रस्ता पाणी टाळून दुसरीकडे कुठं तरी जात होता. आमच्या रस्त्याला जायचं असतं तेच मुळी पाण्याकडे.

शेवटी एका रविवारी श्रमदान ठरलं. सहा फावडी, चार टिकाव, अकरा घमेली आणि दोन ट्रॉल्या मुरूम. ट्रॉली आणली त्याच ट्रॅक्टरवाल्यानं. भाडं घेतलं, पण चेहरा सुतकी होता. निवृत्त मास्तर म्हणून मला देखरेखीचं काम मिळेल असा माझा समज होता. मिळालं घमेलं.

देखरेख मामींकडे होती. त्यांनी काठीनं जमिनीवरच्या रेघा दाखवल्या. पाणी टप्प्याटप्प्यानं उतरतं आणि जिथं चार दिवस थांबतं, तिथं काडीकचऱ्याची अन् शिंपल्यांची एक रेघ सोडून जातं. एका रेघेवरची सगळी जमीन एका उंचीची. यालाच समोच्चरेषा म्हणतात, आणि त्या मी फळ्यावर वर्षानुवर्षं काढत आलो होतो. इथं धरणानं स्वतःच्या हातानं काढून ठेवल्या होत्या. मामी म्हणाल्या, "रेघांना आडवं कापू नका, तिरकं जावा. सरळ उताराला लागला की वळवाच्या पहिल्याच सरीला ओढा व्हतोय." मॅकॅडमला हे वेगळ्या शब्दांत सांगायला पुस्तक लिहावं लागलं होतं.

जिथं पिठलं होतं तिथं आधी उसाचं पाचट अंथरलं आणि वर मुरूम. बाभळीच्या फांद्या घालायची सूचना मेहुण्यानं केली. त्याच्या टायरांकडे सगळ्यांनी एकदाच पाहिलं, तेव्हा ती त्यानंच मागं घेतली. दुपारपर्यंत तीनशे पावलं रस्ता झाला आणि माझी कंबर गेली.

पुढच्या रविवारी पाहतो तर मधली साठ पावलं नांगरलेली. पाणी हटलं की ओलीवर गाळपेर करायची इथली जुनी रीत आहे. ज्यानं नांगरलं तो म्हणाला, ही जमीन धरणात जायच्या आधी आमच्या आज्याची होती. त्याच्यापुढं काय बोलणार? रस्ता साठ पावलं बाजूला घेतला. त्याच्या पुढच्या आठवड्यात मोटारींचे पाइप आडवे आले. पाणी पळालं की शेतकरी मोटारी पुढं सरकवतात, केबल वाढवतात आणि ऊस जगवतात. मग पाइपाच्या दोन्ही अंगांना मुरूम चढवून उंचवटे केले. बाकीच्या महाराष्ट्रात गतिरोधक आधी होतो आणि त्याचं कारण मागाहून शोधतात. आमचं कारण आधी आलं.

मेच्या अखेरीला पाणी आणखी हटलं, तेव्हा वाट पुन्हा वाढवायची वेळ आली. मामा पुढं चालत होते. एका जागी त्यांनी टाचेनं माती उकरली. खाली खडी लागली. थोडं पुढं उकरलं, तिथंही खडी. बुडालेल्या गावातून नदीवर जाणारा तो जुना रस्ता होता. चाळीस वर्षं माशांनी वापरला आणि एक खडा हलला नव्हता. आम्ही वरचा गाळ फक्त ओढून टाकला. दोनशे पावलं फुकटात मिळाली आणि तीच साऱ्या रस्त्यात सर्वांत चांगली निघाली.

या धरणाखाली असं पुष्कळ आहे. पुण्याहून डिकसळपर्यंत आगगाडी १८५८ साली आली. धरण झालं तेव्हा रुळांना दुसरी वाट धरावी लागली आणि आगगाडीच्या जुन्या पुलावरून माणसं अन् एसट्या जाऊ लागल्या. पाणी फार खाली गेलं की पळसदेवाचं जुनं देऊळ वर येतं आणि लोक दर्शनाला जातात. आमच्याकडे दुष्काळात सगळं हरवलेलं सापडतं, एक पाणी सोडून.

"ह्या रस्त्यानं तुमचं घर कुठं होतं?" मी मामांना विचारलं. त्यांनी पाण्याकडे हात केला. "अजून अर्ध्या लादीवर."

जुलै निम्मा झाला तरी आमच्याकडे आभाळ कोरडंच होतं. हा पट्टा पर्जन्यछायेतला. उजनी भरते ती सह्याद्रीवरच्या पावसानं, पुण्याकडची धरणं सुटली की. म्हणून आम्ही आभाळाकडे बघत नाही, दौंडचा विसर्ग किती क्युसेक ते विचारतो. त्या आठवड्यात आकडा रोज चढत गेला. एका सकाळी स्वच्छ उन्हात, थेंबभर पाऊस नसताना, पाणी आलं आणि रस्त्यावर चढलं. आधी मामांची दोनशे पावलं गेली, मग मामींचं तिरकं वळण, मग माझी घमेली. पालं मागं आली आणि मामांचा रस्ता रोज थोडा थोडा आखूड होत गेला.

आता नकाशा बरोबर आहे. ट्रॅक्टरवाला हसून नमस्कार करतो. मेहुण्यानं मोटार धुऊन घेतली आहे.

मार्चात पाणी हटलं की पुन्हा सुरुवात. मामांनी आत्तापासून बजावून ठेवलंय की गेल्या वेळी घमेली कमी पडली. चिलापी खायला येणार असाल तर जरूर या. मात्र येताना आपलं घमेलं घेऊन या आणि देखरेखीची आशा ठेवू नका.