कॉम्प्युटरमधलं कळंबोली

घरच्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ एडिटिंग करायचं ठरवलं, की सगळ्यात आधी कळतं ते हे, की सल्ल्यावर जीएसटी लागत नाही. मावशीच्या एकसष्टीचं शूटिंग घरातल्या प्रत्येकाने आपापल्या मोबाइलवर केलं होतं, तेही फोर-केमध्ये. फोर-के म्हणजे एका चौकटीत ८० लाखांहून जास्त ठिपके, आणि सेकंदाला अशा तीस चौकटी. इतक्या ठिपक्यांनिशी मावशी केक कापत होती आणि आमचा कॉम्प्युटर धापा टाकत होता.

सॉफ्टवेअर फुकट मिळालं. हॉलिवूडवाले सिनेमाचे रंग ज्यावर सुधारतात, त्या डाविंची रिझॉल्व्हचीच मोफत आवृत्ती. ते उघडेपर्यंत मात्र कुकरच्या तीन शिट्ट्या होत.

पनवेलातल्या दुकानदाराने मशीन न बघताच निदान केलं. "काका, ग्राफिक्स कार्ड टाका." कार्ड टाकायचं तर एसएमपीएस मोठा हवा. एसएमपीएस मोठा तर कॅबिनेट मोठं. "आणि एवढं करताय तर मदरबोर्ड तरी जुना कशाला ठेवता?" थोडक्यात, माझ्या कॉम्प्युटरमधला फक्त माउस वाचणार होता.

चिरंजीव म्हणाले, "बाबा, लॅमिंग्टन रोडला जाऊ. स्वस्त पडेल." या रस्त्याचं खरं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. त्यावरून मला दुसरे दादासाहेब आठवले आणि मी हिला ऐकवलं, "फाळक्यांनी विम्याची पॉलिसी आणि बायकोचे दागिने गहाण टाकले, तेव्हा कुठे १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' झाला. कोऱ्या फिल्मला भोकं पाडायचं काम सरस्वतीबाई स्वतः घरी करायच्या."

"आपल्याकडे तेवढं एक काम तुम्ही करताय," ही म्हणाली. "बजेटला."

बजेट दहा हजारांवर गोठलं. मग चिरंजीवांनी टास्क मॅनेजर उघडून दाखवला. प्रोसेसर निवांत बसलेला आणि डिस्क १०० टक्के! हे पनवेलकराला समजावून सांगावं लागत नाही. पुण्याहून सहा पदरी एक्स्प्रेसवेने भन्नाट यायचं आणि कळंबोलीला येऊन ट्रकच्या मागे उभं राहायचं, हा आमचा नित्याचा अनुभव. इथे रॅम होती आठ जीबी. ती भरली, की विंडोज उरलेला माल जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर नेऊन टाकणार आणि तिथे रांग लागणार. दुकानदार मला एक्स्प्रेसवेच आणखी रुंद करून देत होता.

म्हणून दोनच वस्तू घेतल्या: एक एसएसडी आणि जुन्या रॅमशेजारी बसणारी तेवढीच दुसरी स्टिक, तीही सेकंडहँड. एआयच्या डेटा सेंटरांनी रॅम अशी उचलली होती, की २०२५च्या अखेरीपासून तिचे भाव भडकलेले. "सोनं घेतलं असतं तर निदान घालता आलं असतं," हे ऐकूनच मी पैसे दिले. एसएसडीला पॉवरची वायर मोकळी नव्हती. डीव्हीडी रायटर वर्षानुवर्षं रिकामाच बसला होता. त्याची काढून एसएसडीला दिली.

सॉफ्टवेअर आता शिट्टीआधी उघडू लागलं. फोर-के तरीही अडखळत होतंच. त्यावरचा इलाज फुकटातला निघाला: प्रॉक्सी. प्रत्येक क्लिपची छोटी, हलकी नक्कल करायची, सगळी कापाकापी नकलेवर करायची आणि शेवटी एक्स्पोर्ट करताना सॉफ्टवेअर मूळ क्लिप लावून देतं. रात्रभर नकला होऊ दिल्या आणि सकाळपासून मावशी लोण्यासारखी पुढेमागे सरकू लागली. हे दुकानदाराने का सांगितलं नाही? कारण प्रॉक्सीचं बिल फाडता येत नाही.

फिल्म झाली. फोर-के, रंग सुधारलेले, मागे सनई. मावशीला फोन केला, "पेन ड्राइव्हवर देऊ की लिंक पाठवू?"

मावशी म्हणाली, "ते काही नको रे बाबा. मला आपली सीडी दे."