कोल्ह्याच्या नदीकाठची पांदण

शिकागोजवळ ऑरोराला राहणारा माझा भाचा फोनवर आजीला म्हणाला, "आजी, मी रोज संध्याकाळी नदीकाठी ट्रॉली लाइनीवर फिरायला जातो." त्या दिवसापासून आईची झोप उडाली.

आमच्या करडी गावात ट्रॉली म्हणजे ट्रॅक्टरच्या मागं लागते ती. धानाची पोती, तणस, लग्नाचं वऱ्हाड, सगळं तिच्यातच. आणि रात्री वैनगंगेकडून ओळीनं येतात त्या रेतीच्या. 'ट्रॉली लाइन' म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढं ती ओळ उभी राहते, आणि तिथं हवा खायला कोणी जात नाही. आईनं त्याला बजावलं, "कडेकडेनं चालजो बापा. रेतीवाले कोनाले पायत नाहीत."

मग समजावण्याचं काम माझ्याकडं आलं. तिकडची ट्रॉली म्हणजे ट्राम. डब्यावरच्या दांडीच्या टोकाला एक चाक, ते विजेच्या तारेला लागून फिरायचं. नाव त्यावरूनच पडलं. फॉक्स नदीच्या, म्हणजे चक्क कोल्ह्याच्या नदीच्या काठानं ऑरोरा ते एल्जिन अशी गाडी धावायची. मोटारी वाढल्या, बसणारे घटले, आणि १९३५ साली प्रवासी गाड्या थांबल्या. साउथ एल्जिनला रुळांचा एक तुकडा हौशी मंडळींनी जपलाय. उन्हाळ्यात तिथं जुने डबे अजून फिरवतात. रूळ होते त्या बाकी पट्टीच्या बऱ्याच भागावर आता चालायची नि सायकलची वाट आहे.

मुंबईची ट्रामही अशीच गेली. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची फेरी झाली, आर्थिक वर्षाचं खातं बंद करावं तशी. पण ती धावायची भर रस्त्यातून. ती गेल्यावर डांबर पसरलं, मोटारी आल्या, संपलं. फिरायला वाट उरायची तर गाडीला आधी स्वतःची जमीन असावी लागते.

आईनं हे सगळं शांतपणे ऐकलं. "मंजे पांदणच न?" ती म्हणाली.

मी हो म्हणालो, पण मनात खटकलं. आमची पांदण कोणी बंद केली नाही, तिचा शेवटचा दिवस कुठं लिहिलेला नाही. दोन्ही बाजूंचे शेतकरी दर पावसाळ्यात धुरा वीतभर पुढं सरकवतात, आणि एका वर्षी लक्षात येतं की बैलबंडी काही आता निघत नाही. मग मोजणी, मग भांडण, मग तहसील. रूळ असते तर बरं झालं असतं, असं मला पहिल्यांदाच वाटलं. लोखंडावर नांगर चालत नाही.

परवा भाच्यानं व्हिडिओ पाठवला. झाडी, गुळगुळीत वाट, पट्ट्याला बांधलेली कुत्री, आणि डाव्या हाताला संथ वाहणारी नदी. आईनं चष्मा पुसून दोनदा पाहिला.

"येवढी नदी," ती म्हणाली, "आन् एकबी ट्रॉली नाही?"

मग स्वतःच मान हलवली.

"घाटाचा लिलाव झाला नसन."