छत्रीवर माळवद

नानांनी थार घेतली पाडव्याला. २०१६ ची, पुण्याहून आणलेली, नंबर एम.एच. बारा, टप कापडी. गाडी दारात आली, काकूंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, चाकाखाली लिंबं फुटली, गल्लीत पेढे वाटून झाले. पेढ्याचा हात रुमालाला पुसत नाना गाडीभोवती एक चक्कर मारून आले आणि मला म्हणाले, "गड्या, समदं हाय. फक्त वर एक कॅरिअर पाहिजे."

त्या 'फक्त'ला पुढं दहा महिने लागले.

नानांचं धारूरात बी-बियाण्यांचं आणि खताचं दुकान आहे. मृगाच्या तोंडावर दुकानात उभं राहायला जागा नसते. शेतकरी पिशव्या हातात घेऊन नुसते गोंधळलेले असतात: हे सोयाबीन का ते, ही कपाशी का ती. नाना गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघतात, रान कुठलं, हलकं का भारी, पाणी किती, एवढं विचारतात आणि दहा सेकंदांत पिशवी समोर आपटतात. "हे न्या. जास्त इचार करू नका." आणि माणूस नेतो. असे चाळीस संसार एका सकाळीत मार्गी लावणारा हा माणूस स्वतःच्या गाडीच्या टपाशी आला की मात्र त्याचा हात थरथरायला लागतो.

नानांचा रोजचा प्रवास म्हणजे घर ते दुकान. पावलं मोजली तर चारशे. त्यात एक गतिरोधक आणि एक झोपलेलं कुत्रं. फोर बाय फोरचा दांडा त्यांनी आजवर एकदाच ओढला आहे, तोही गणपतीत, मंडळाची ट्रॉली चिखलात रुतली तेव्हा. त्या दिवसाचं वर्णन ते अजून करतात आणि दर वेळी चिखल एक वीत वाढतो. पण नानांच्या डोक्यातली थार वेगळी. ती बालाघाटाच्या माथ्यावर उभी असते. खाली सौताड्याचा धबधबा कोसळत असतो, टपावर तंबू असतो, तंबूच्या दारात नाना स्टीलच्या पेल्यात चहा पीत बसलेले असतात. या चित्रात काकू कुठं असतात, हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

निवड सुरू झाली मोबाइलवर. ऑस्ट्रेलियातले लोक शेकडो किलोमीटर वाळवंट तुडवतात, वाटेत पेट्रोलपंप नाही, पाणी नाही. म्हणून टपावर इंधनाचे कॅन, पाण्याच्या टाक्या, जादा चाक, फावडं, वाळूत रुतलं तर चाकाखाली टाकायच्या फळ्या. नानांना हे सगळं पटलं. मी म्हणालो, "नाना, धारूर ते तेलगाव किती पंप लागतात?" ते म्हणाले, "सवाल पंपाचा न्हाई. सवाल तयारीचा हाय."

मग दोनशे पानी वही आली. खरं सांगायचं तर वहीतला अभ्यास चोख होता. पहिल्याच पानावर लिहिलेलं: 'बहुतेक गाड्यांच्या टपाला चालताना पन्नास ते शंभर किलो, त्यातच कॅरिअरचं स्वतःचं वजन.' म्हणजे पंचाहत्तर किलोच्या टपावर चाळीस किलोचं लोखंडी कॅरिअर चढवलं की सामानाला राहिले पस्तीस. त्यात वीस लिटर पाणी म्हणजे वीस किलो, वर कॅनचं वजन वेगळं. उरलं काय? एक सतरंजी आणि नाना. दुसऱ्या पानावर: 'उभ्या गाडीवर दोन माणसं झोपली तर चालेल, पण चालत्या गाडीला खड्डा लागला की तेच ओझं टपावर घण घातल्यासारखं बसतं.' तिसऱ्या पानावर ॲल्युमिनियम. लोखंडाच्या जवळपास एक तृतीयांश वजन, गंजत नाही, पण किंमत चढी. शिवाय ते साध्या वेल्डिंगच्या काडीनं जमत नाही, आरगॉन गॅस लागतो. चौथ्या पानापासून जाळी का पट्टी, कठडा का सपाट, नळी गोल का चौकोनी. अकराव्या पानावर काकूंच्या अक्षरात किराणा.

वहीतलं ज्ञान चहाच्या टपरीवर गेलं आणि गावाचे दोन तट पडले. कठडावाले म्हणायचे, सामान घसरत नाही. सपाटवाले म्हणायचे, लांब वस्तू मावते. "कुठली लांब वस्तू?" असं कुणीतरी विचारलं, तेव्हा बराच वेळ विचार करून उत्तर आलं, "शिडी." शिडी कशाला? तर कॅरिअरवर चढायला.

त्यात कुणीतरी कायदा काढला. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: कंपनीनं दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलाला बाध येईल असा बदल मालकानं गाडीत करायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही. नानांचा चेहरा उतरला. थोड्या वेळानं हळूच म्हणाले, "प्रत्येक बदलाला म्हंजी… गज मोजून का?"

गंमत अशी की टपाची भीती धारूरला नवीन. इथल्या घाटानं टप बघितलाय तो काळ्या-पिवळ्या जीपचा. नऊ सीट पास आणि बसलेले सोळा. ड्रायव्हर अर्ध्या मांडीवर, त्याच्या उजव्या अंगाला आणखी एक गिऱ्हाईक, मागं फळीवर तिघं लोंबकळलेले आणि वर कॅरिअरवर बाकीचे. ते कॅरिअर कुणी निवडलेलं नसायचं. मिस्त्रीनं अँगल कापले, पट्ट्या मारल्या, काळा रंग फासला, झालं. त्यावर कांद्याची पोती, नवरदेवाची ट्रंक, एखादी बकरी आणि परीक्षेला निघालेली पोरं एकत्र घाट उतरायची. जुन्या लाल एस.टी.च्या टपावरही कॅरिअर असायचं आणि पाठीमागं चढायला लोखंडी शिडी. नाना स्वतः कॉलेजला असताना असे टपावर बसून गेलेले. "वळणावर समदे एका अंगाला झुकायचो गड्या, जीप सरळ ऱ्हायची," असं ते सांगतात. गुरुत्वमध्य म्हणजे काय, हे ज्यानं वयाच्या अठराव्या वर्षी ढुंगणानं शिकून घेतलं, तो साठीला आल्यावर ते वहीत लिहीत बसला होता.

अर्धा पावसाळा असाच गेला. श्रावणात नाना चाचांच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात पोचले. चाचा काळा चष्मा कपाळावर सरकवून ऐकत होते. नानांनी वही उघडली, पानं उलटली, ऑस्ट्रेलिया दाखवली. चाचांनी गाडीचा टप बोटानं दाबून बघितला. कापड आत गेलं, परत वर आलं.

"नाना," चाचा म्हणाले, "ये तो छत्री है. छत्रीवर माळवद बांधता का?"

गावभर हसू झालं. पण चाचांचं म्हणणं सरळ होतं. कापडी टप काही पेलत नाही. कॅरिअर लावायचं तर चार खांब खालून, गाडीच्या अंगातून उभे करायचे, त्यावर चौकट ठेवायची. ओझं खांबावर, टप नुसता मधे. सगळं नटबोल्टवर, वेल्ड गाडीला कुठंच नाही, म्हणजे तासाभरात काढता येईल. खांबाखाली जाड रबर. जी.आय. पाइप नको म्हणाले, कारण वेल्ड करताना जस्ताचा पांढरा धूर सुटतो आणि रात्री अंगात ताप भरतो. काळा पाइप घेऊ, वर रेड ऑक्साइड, मग रंग. आडव्या गजाला वाऱ्यानं शिट्टी वाजते, त्यासाठी दोरी नागमोडी गुंडाळायची, शिट्टी बंद. एवढं सांगून झाल्यावर चाचांनी तो प्रश्न विचारला, जो दोनशे पानांत कुठंच नव्हता.

"डालना क्या है उसपे, वो बोलो."

नाना म्हणाले, "ते नंतर बघू."

दसरा झाला. गावाबाहेरच्या रस्त्यावर ऊसतोडीच्या टोळ्यांचे ट्रक लागले. मुकादमाची उचल घेतलेले कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, सहा महिन्यांचा संसार ट्रकवर चढवत होते. नाना मला घेऊन तिथं गेले. का, ते सांगितलं नाही. खिशात मात्र टेप होता. ट्रकमध्ये तळाला बाजरीची पोती, त्यावर पत्र्याच्या पेट्या, मग भांडी, पाण्याचे ड्रम, उलटी बाज, बाजेच्या पायांत कोंबड्यांचं खुराडं, एका कोपऱ्यात शेळी आणि सगळ्यांत वर गोधड्यांत बसलेली लेकरं. जड खाली, हलकं वर, दोन्ही अंगांना सारखं. नानांच्या वहीतलं सातवं पान समोर उभं होतं. वर उभी असलेली एक बाई गुडघा टेकवून दोरी आवळत होती. नानांच्या दुकानातून दर साली दोन पिशव्या बी नेणारी. तिनं वरून ओळखलं.

"नाना, काय मोजायलाव?"

"काही न्हाई. कॅरिअर बसवायचंय गाडीला."

तिनं गाठ मारली, दोन्ही हातांनी ओढून बघितली. मग सहज विचारलं, "कुठं जायचंय?"

नानांनी टेप खिशात घातला. परत येताना दुकान ते घर हा चारशे पावलांचा रस्ता पहिल्यांदाच लांब वाटला. घरापाशी आल्यावर एवढंच म्हणाले, "गाठ बघितली का? एका हातानं सुटती, पण ओढून न्हाई सुटत."

त्यानंतर महिनाभर वही बंद होती. मला वाटलं, विषय मिटला. पण विषय काकूंनी काढला.

काकूंचं एक जुनं दुखणं होतं. नानांच्या वाड्याला पूर्वी माळवद होतं. उन्हाळा आला की त्या मातीच्या छतावर कुरडया, पापड्या, शेवया, बाजरीच्या खारोड्या, मुगाचे सांडगे असं सगळं वाळवण पसरायचं. दहा वर्षांपूर्वी माळवद गळायला लागलं, नानांनी ते उतरवून वर पत्रे टाकले. पत्र्यावर पाय ठेवता येत नाही. अंगणात पसरलं तर कोंबड्या, शेळ्या आणि शेजारणीची नजर. तेव्हापासून काकू वाळवण विकत आणायच्या आणि ते कसं नासकं आहे हे जेवताना रोज सांगायच्या.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी त्या बाहेर आल्या, नानांच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आवो, त्या कॅरिअरला शिडी लावणार हायत का?"

नाना अवाक्. मग हरखले. मला फोन केला, "तुझी काकू तयार झाली गड्या! सौताड्याला निघायचं म्हणती!" काकूंनी असं काही म्हटलं नव्हतं. पुढं त्यांनी आणखी दोन गोष्टी विचारल्या. खाली पट्टी असणार का जाळी? आणि जाळी असली तर भोक केवढं? नानांनी त्यांना वहीतलं सहावं पान वाचून दाखवलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "जाळीच घ्या. अर्धा इंची. खालून वारा लागला पाहिजे."

दहा महिने जे टपरीला, मोबाइलला आणि ऑस्ट्रेलियाला जमलं नाही, ते काकूंनी उभ्या उभ्या केलं. आणि तेही नानांच्याच पद्धतीनं, जास्त विचार न करता. फेब्रुवारीत चाचांनी चार खांब, चौकट, अर्धा इंची वेल्डमेश आणि मागं पाच पायऱ्यांची शिडी बसवली. रंग काळा. नाना दिवसभर गाडीच्या मागं-पुढं. कलम ५२ च्या भीतीनं ते गाडी अंगणाबाहेर मात्र काढेनात. "अंगणात कायदा लागत न्हाई," असं म्हणायचे. बाहेर न्यायची वेळ आली की तासाभरात बोल्ट काढू.

ती वेळ अजून आलेली नाही. कारण चैत्र लागला, काकूंनी गहू भिजत घातला, चौथ्या दिवशी चीक काढला, पहाटे चुलीवर शिजवला, सोऱ्या घेतला आणि पदर खोचून शिडी चढल्या. मागून शेजारची सून ताट घेऊन. सात वाजेपर्यंत सगळं कॅरिअर कुरडयांनी भरलं, वरून जुनी सुती साडी. खाली शेळी मान वर करून उभी, पण शेळीला पाच पायऱ्या जमत नाहीत.

मी गेलो तेव्हा नाना दुकानातला ताणकाटा हातात घेऊन गाडीशेजारी उभे होते. गंभीर. मी म्हणालो, "नाना, चाचा खरं बोलले म्हणायचं. छत्रीवर माळवद झालं."

त्यांनी माझ्याकडं दुर्लक्ष केलं. "जाळी अर्धा इंची घेतली ते बरं केलं," ते म्हणाले. "पाऊण घेतली असती तर उद्याच्या खारोड्या समद्या खाली."

मग त्यांनी वही उघडली. 'सामान' असा मथळा असलेलं, वर्षभर कोरं राहिलेलं पान. त्यावर तारीख टाकली आणि लिहिलं: कुरडया, ओल्या, नऊ किलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत वजन केलं: साडेपाच. तिसऱ्या दिवशी साडेतीन.

"बघ," नाना वही माझ्यापुढं धरून म्हणाले, "गाडी जागची हालली न्हाई आन् टपावरलं ओझं साडेपाच किलोनं कमी. ऑस्ट्रेलियात जमंल का कुणाला?"