निवृत्त, मुक्काम दादर पश्चिम

ऑफिसात शाल-श्रीफळ झालं, घड्याळ मिळालं, की दादरच्या नोकरदार माणसाला आपण करोडपती असल्याचं पहिल्यांदा कळतं. पेन्शन बेताची, पण पायाखालची फरशी सोन्याची. मग पुण्याचा मुलगा, नाशिकचा मेहुणा, बँकेतला ओळखीचा मॅनेजर, इतकंच काय टॅक्सीवालासुद्धा एकच सल्ला देतो : विका आणि सुटा. बरेच जण विकतातही. गिरगाव-दादरची कितीतरी आडनावं आता डोंबिवली-बोरिवलीच्या दारांवर वाचायला मिळतात. तरीही एक चिवट जमात मागे उरते. आमच्या बिल्डिंगमधले बापूकाका हा तिचा अस्सल नमुना.

वय एकाहत्तर. विमा कंपनीत हयात गेली. शिवाजी पार्कापासून दोन गल्ल्या आत, दुसऱ्या मजल्यावर पाचशे चौरस फुटांचं घर. ‘कार्पेट हं, बिल्ट-अप नव्हे,’ हा खुलासा ते कुणी विचारायच्या आत करतात. त्यापुढचं वाक्य ठरलेलं. ‘फुटाला पन्नास हजार धर. मी कमीच धरतोय.’

हा आकडा डोक्यात बसल्यापासून काकांना घरात वस्तू दिसेनाशा झाल्या आहेत, फक्त वस्तूंखालची जागा दिसते. लोखंडी कपाट तीन फूट बाय दीड फूट, म्हणजे साडेचार चौरस फूट, म्हणजे सव्वादोन लाख. ‘सव्वादोन लाखांच्या जागेवर तुझ्या न नेसलेल्या साड्या झोपल्यात,’ असं ते काकूंना सुनावतात. जेवणाचं टेबल चार बाय तीन. त्यावर काकू मेथी निवडायला बसल्या की काका हळहळतात, ‘सहा लाखांच्या जागेवर वीस रुपयांची जुडी!’ एकदा मी सतरंजीवर ऐसपैस मांडी घातली, तर म्हणाले, ‘आरामात बस. तीन लाख अडवलेस, पण बस.’

हाच माणूस मासळीबाजारात गेला की त्याची कोटी-लाखांची भाषा दारातच गळून पडते. पापलेटचा कल्ला उघडून बघायचा, पोट दाबायचं, तोंड वाकडं करायचं, पुढच्या पाटीवर जायचं, परत यायचं आणि शंभर रुपये कमी सांगायचे. तिथल्या मावशी त्यांना चांगल्या ओळखतात, कारण घराची किंमत काकांनी त्यांनाही सांगून ठेवली आहे.

‘काका, घर अडीच करोडचा हाय ना तुमचा? मग शंभर रुप्यासाठी मासा हालवून हालवून कशाला बगता?’

‘घर विकून पापलेट खाऊ का मी?’

‘खावा की! मरेपर्यंत पुरंल.’

त्यावर काकांनी अर्धा डझन बोंबील घेतले. पापलेट कधीतरी घेतात, नाही असं नाही. पण ते जूनच्या आधी, मासेमारी दोन महिने बंद होणार म्हणून घरात हळहळ सुरू झाली की.

मुलगा बाणेरला असतो. आयटीत आहे, त्यामुळे बापाच्या म्हातारपणाची त्याने एक्सेल शीट केली. दादरचं घर विकायचं. तळेगावला साठ-पासष्ट लाखांत दोन बेडरूमचं घर घ्यायचं, लिफ्टसकट. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत बाबांच्या नावे कमाल मर्यादेइतके, म्हणजे तीस लाख आधीच आहेत, तेवढेच आईच्या नावे टाकायचे. ८.२ टक्के व्याज, दर तिमाहीला प्रत्येकी ६१,५०० रुपये. उरलेलं मुदत ठेवीत. शीटच्या तळाशी हिरव्या रंगात जो आकडा आला होता, तेवढा पगार काकांना नोकरीत कधी मिळाला नव्हता. काकांनी चष्मा लावला, संगणकावर विश्वास नसल्यामुळे व्याज पाठकोऱ्या कागदावर हाताने काढलं, ताळा बघितला आणि म्हणाले, ‘गणित बरोबर आहे. फक्त तळेगावला समुद्र नाही.’

आता या समुद्राविषयी. काकांच्या घरातून समुद्र दिसत नाही. गॅलरीतून समोरच्या इमारतीचं स्वयंपाकघर दिसतं. गच्चीवरून पूर्वी एक निळी फट दिसायची, तिथे आता टॉवर आहे. काका चौपाटीवर गेल्याचं मला आठवत नाही. गेलेच तर गणपती विसर्जनाला, आणि तेव्हाही पाण्यात मुलाला पाठवतात, स्वतः चपला सांभाळत उभे राहतात. पण समुद्र हवा. मी विचारलं, ‘काका, बघायला तरी जावं ना कधी.’ तर म्हणाले, ‘बघायला कशाला जायचं? आहे ना तो.’

समुद्राशी त्यांचा व्यवहार कागदोपत्री आहे. पावसाळ्याच्या तोंडावर वर्तमानपत्रात साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी येते. काका ती कापून ठेवतात आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात एकादशी-चतुर्थीच्या शेजारी लाल पेन्सिलीने उतरवतात. त्या दिवशी ते पुण्याला फोन करतात. ‘आज दुपारी चार पूर्णांक सात मीटर आहे बरं का!’ बाणेरला बसून या माहितीचं काय करायचं, हे मुलाला अजून उमगलेलं नाही.

काका समुद्राकडे जात नसले तरी समुद्र न चुकता त्यांच्याकडे येतो. खिडकीचं ग्रिल दर दोन वर्षांनी रंगवावं लागतं, पंख्याच्या दांड्याला तांबेरा चढतो, बाल्कनीच्या स्लॅबचे पोपडे पडून आतली गंजकी सळई दिसते. तीस वर्षांहून जुन्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं. आमच्या इमारतीला त्यात ‘सी-टू-बी’ हा शेरा मिळाला, म्हणजे रिकामी न करता डागडुजी करा. काकांनी तो मुलाला कळवला तो एखाद्या रुग्णाने आपली शुगर आटोक्यात असल्याचं सांगावं तशा सुरात. ‘सी-वन नाही रे, टू-बी!’

काकूंचं समुद्राविषयीचं मत थोडक्यात आहे. नळाला पाणी पहाटे येतं आणि तासाभरात जातं. त्या वेळी काका घोरत असतात. ‘समुद्र यांचा, पाणी माझं,’ असं म्हणत त्या पिंप भरतात.

काका हट्टी असले तरी त्यांनी पर्यायांचा विचार केला नाही, असा आरोप मात्र त्यांच्यावर करता येणार नाही. उलट निवृत्तीनंतरचा त्यांचा मुख्य उद्योग तोच आहे. एसटीत पासष्टीनंतर अर्धं तिकीट. काकूंना महिला म्हणून अर्धं. रेल्वेने ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद केली ती केलीच, त्याबद्दल काका रेल्वेला माफ करणार नाहीत. पण एसटीच्या जिवावर त्यांनी दापोली, मुरूड, नाशिक, अलिबाग पालथं घातलं. शिवाय बिल्डरांच्या साइट व्हिजिट. कर्जत-नेरळच्या बाजूला प्लॉट दाखवायला नेणाऱ्या एसी बसमध्ये पुढची सीट काकांची. वाटेत उपमा आणि चहा, साइटवर जेवण, गुलाबजाम दोन. सेल्समन पोरगा बिचारा टाय लावून ‘सर, क्लब हाउस, सर, मेडिटेशन झोन’ करत मागे फिरतो. काका नळ सोडून बघतात, दार आपटून बघतात, पोराच्या लग्नाची चौकशी करतात आणि संध्याकाळी दादरला उतरताना त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणतात, ‘प्रोजेक्ट उत्तम आहे. कळवतो.’

नकाराची कारणं वहीत नोंदलेली आहेत. दापोलीत हवा चांगली, पण हृदयाचा डॉक्टर लांब. नाशिकला थंडी. मुरूडला रात्री आठनंतर अंधार, ‘अंधार म्हणजे खरोखरचा अंधार’. अलिबागला समुद्र आहे, पण तिथून मुंबईच दिसत राहते, मग तिथे कशाला जायचं?

पणजीला मात्र काका डगमगले होते. ऑफिसातल्या एका मित्राने मिरामारला फ्लॅट घेतला, त्याच्याकडे हे दोघे आठवडाभर राहायला गेले. सकाळी सायकलवर भोंगा वाजवत पोदेर दारात ऊन-ऊन पाव घेऊन येतो. मराठी वर्तमानपत्र मिळतं. दुपारी दुकानं बंद, संध्याकाळी मांडवीच्या काठाने चालायला सुरेख फुटपाथ. बांबोळीला मोठं सरकारी इस्पितळ, म्हणजे डॉक्टरचीही तक्रार नाही. पहिले तीन दिवस काकांचे फोन असे होते की मुलाने दलालाशी बोलणी सुरू केली. चौथ्या दिवशी आवाज पडला. परत आल्यावर मी खोदून विचारलं, तर बराच वेळ मासळीच्या भावांविषयी बोलत राहिले आणि मग खरं बाहेर पडलं.

‘तिथं कुणालाच घाई नाही रे. अर्धी माणसं चड्डीवर, सुट्टीला आलेली. उरलेली दुपारची झोपलेली. मी दुपारी झोपतो ते निवृत्त आहे म्हणून. तिथं दुकानदारच झोपतो! मग छत्तीस वर्षं नोकरी करून मी वेगळं काय मिळवलं?’

हे ऐकल्यावर मला काकांची सकाळ नव्याने कळली. रोज साडेआठला आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते घराबाहेर पडतात, आणि जातात कुठे, तर दादर स्टेशनला. गाडी पकडायला नाही. फुलमार्केटच्या बाजूला जिन्याच्या पायथ्याशी एका खांबाला टेकून वर्तमानपत्र उघडतात आणि त्यावरून बघत राहतात. समोरून अख्खी मुंबई पळत असते. डबा छातीशी, बॅग पुढे, एक चप्पल सुटतेय, फोनवर ‘सर, पोचतोच’ चाललंय. काकांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे समाधान असतं, ते मी देवळात उभ्या माणसाच्या चेहऱ्यावरही पाहिलेलं नाही. त्यात दुष्टपणा नाही. एखाद्याची गाडी सुटली तर हे मनापासून चुकचुकतात. फक्त ती गाडी आपली नाही, याची रोज सकाळी खातरजमा करून घेतात.

डिसेंबर २०२३ मध्ये दादरच्या मध्य रेल्वेच्या फलाटांचे नंबर बदलले, तेव्हापासून तर त्यांना तिथे हुद्दाच मिळाला आहे. गोंधळलेला माणूस ते लांबूनच ओळखतात. ‘कुठं जायचंय? ठाणे स्लो? जुना एक की नवा एक? नवा एक पश्चिमेचा, तिकडे जाऊ नका. मध्यचा जुना एक म्हणजे आता आठ. तीनचा नऊ झाला. दोन? दोन गेला हो, दोन राहिलाच नाही.’ माणूस अर्धं ऐकून पळतो. काका उरलेलं त्याच्या पाठीला सांगतात. साडेनऊला गर्दी ओसरली की घडी घालून पेपर काखेत, आणि कट्ट्यावर.

बाकी दादरचे जे फायदे ते लोकांना ऐकवतात, ते सगळे ‘जवळ’ या सदरातले. शिवाजी मंदिर जवळ. शेवटचं नाटक कोणतं पाहिलं ते आठवत नाही, तिकीट पाचशेचं झालं म्हणे. १८९८ सालचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय जवळ. पुस्तकं काकू आणतात, काकू वाचतात, परत करायला काका जातात. माहीमला हिंदुजा, परळला केईएम; काका डॉक्टरला इतके घाबरतात की रक्तदाब मोजायलाही टाळाटाळ करतात. पण सगळं हाकेच्या अंतरावर पाहिजे. हाक मारायची की नाही, ते आपण ठरवू.

आणि मग आमच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट ठरलं. सहकार कायद्याच्या ७९-अ कलमाखाली सभा झाली, एक्कावन्न टक्के संमती लागते तिथे नव्वदच्या वर मिळाली, वाढीव कार्पेट, कॉर्पस, तीन वर्षांचं भाडं असं सगळं मान्य झालं. काकांनी सभेत एकच प्रश्न विचारला, ‘नव्या इमारतीत गच्चीवरून समुद्र दिसेल का?’ बिल्डर म्हणाला, बाविसाव्या मजल्यावरून दिसेल. काकांना सातवा मिळालाय. तरी त्यांनी तो मुद्दा इतिवृत्तात घ्यायला लावला.

मुलाला वाटलं, आता तरी तीन वर्षं बाबा पुण्याला येतील. मोकळी हवा, नातीचा सहवास, घरभाडं शिल्लक. काकांनी दुसऱ्याच दिवसापासून दलाल गाठला. माहीम पाहिलं, ‘खाडीचा वास’. परळ पाहिलं, ‘टॉवरची सावली’. दादर पूर्वेला तर पाऊलही टाकलं नाही. ‘तिकडून समुद्र उलटा पडतो.’ शेवटी आमच्याच गल्लीत, समोरच्या बिल्डिंगमध्ये, तळमजल्यावर वन रूम किचन मिळालं. बिल्डर देतोय महिन्याला सत्तर हजार, घरमालक मागतोय नव्वद. दलाली वेगळी.

मुलगा फोनवर अक्षरशः ओरडला. ‘बाबा, वीस हजारांचा फरक! पोस्टात ठेवलेल्या तीस लाखांचं व्याज महिन्याला साडेवीस हजार येतं तुम्हाला. ते सगळं यातच जाणार!’

‘पाचशे उरतात,’ काका म्हणाले. ‘बोंबील येतात त्यात.’

मग फोन काकूंकडे गेला. काकूंनी मोठा सुस्कारा सोडला. ‘मी काय सांगू रे? ऐकतात का ते कुणाचं? मला काय, मी कुठंही राहीन.’ आणखी थोडं ‘हो ना’, ‘अगदी हट्टी’, ‘तूच बघ आता’ असं करून त्यांनी फोन ठेवला आणि माळ्यावरचे डबे उतरवत असलेल्या माझ्याकडे वळल्या.

‘बाणेरला गेले की पहाटे उठून नातीचा डबा, सुनेचा डबा, ह्याचा डबा. मग दुपारी तिला क्लासला सोडायचं. ती पितळी घागर दे इकडे, सांभाळून. समोरची खोली मी गणपतीतच बघून ठेवली होती. त्या मालकिणीला सांगितलं, दलालामार्फतच येऊ दे, ह्यांना वाटू दे आपणच शोधली. दूधवाल्यालाही कधीच सांगून ठेवलंय, एक तारखेपासून पिशवी समोरच्या दाराला.’